खरा किरण आणि तोतया किरण

परभणीहून नांदेडकडे जाणाऱ्या गाडीत खिडकीजवळची जागा मिळाली, तर पूर्णा जंक्शन मागे पडल्यावर बाहेर नीट बघा. पूर्णा आणि नांदेडच्या मध्ये चुडावा नावाचं एक छोटंसं स्टेशन लागतं. परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यातलं हे गाव. आजूबाजूला काळीभोर जमीन. गाडीतून पाहिलं तर सगळं रान कसं ताटासारखं सपाट दिसतं.

पण त्या रानात पिकाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याला विचारा, "काका, जमीन सपाट आहे का हो?" ते हसतील. कारण डोळ्यांना सपाट दिसणारी जमीन पाण्याला सपाट वाटत नाही. पाणी बरोबर सखल जागा शोधतं आणि तिथंच जाऊन बसतं. एका कोपऱ्यात डबकं आणि दुसऱ्या कोपऱ्यात ढेकळं कोरडी ठणठणीत!

या खोडीवर माणसानं आज एक नवा उपाय काढला आहे, तो म्हणजे लेसर किरण. आणि या लेसर किरणाच्या मागे त्याचा एक तोतयाही येतो. तो यंत्राला फसवतो. या तोतयाला पकडायचं कसं, तेच आज आपण पाहणार आहोत.

बोटभर उंची, लाखभर लिटर

आधी थोडं गणित करू. घाबरू नका, सोपं आहे. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. एवढ्या जागेवर फक्त १ सेंटीमीटर उंचीचं पाणी पसरलं, तर ते किती होईल? सुमारे ४० हजार लिटर!

आता समजा, शेताचा एक कोपरा बाकीच्या रानापेक्षा ५ सेंटीमीटर उंच आहे. तिथवर पाणी चढवायचं तर आधी बाकीच्या रानात ५ सेंटीमीटर पाणी साठवावं लागेल. म्हणजे एकरी जवळजवळ २ लाख लिटर पाणी नुसतं उंची गाठण्यात गेलं.

हे पाणी काही फुकट येत नाही. येलदरी आणि सिद्धेश्वर या धरणांत साठलेलं पाणी पूर्णा प्रकल्पाच्या कालव्यांतून परभणी, हिंगोली आणि नांदेड जिल्ह्यांतल्या शेतांना मिळतं. ज्यांच्या शेताला कालवा नाही, ते विहिरीवर मोटार लावून पाणी उपसतात, आणि वीज रात्री येणार असेल तर रात्री उठून रानात जातात. शिवाय काळ्या भारी जमिनीत पाणी लवकर मुरत नाही. ते साचून राहिलं, की मुळांना हवा मिळत नाही आणि पीक पिवळं पडतं. म्हणून जमीन सपाट असणं म्हणजे पाणी वाचणं आणि पीकही वाचणं.

लेसरची पाणसळ

घर बांधताना तुम्ही गवंडीकाकांना पाहिलंच असेल. भिंत सरळ उभी आहे ना, हे ते ओळंब्यानं बघतात. फरशी सपाट आहे ना, हे पाणसळीनं बघतात. कधी एका लांब पारदर्शक नळीत पाणी भरून तिची दोन टोकं दोन भिंतींजवळ धरतात. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला येतं, तिथं खूण करायची. झाली लेव्हल!

पण शंभर-दोनशे मीटर लांबीच्या शेतात ही नळी कुठवर ओढणार? तिथं लेसर कामाला येतो. पहिला लेसर अमेरिकेत थिओडोर मेमन या शास्त्रज्ञानं १९६० साली चालवून दाखवला. बॅटरीचा उजेड जसा पसरत जातो, तसा लेसरचा किरण पसरत नाही. दूर गेला तरी तो बारीकच राहतो. मग तोच आपली दोरी का होऊ नये?

लेसर लेव्हलर या यंत्राचे चार भाग असतात. एक, शेताच्या कडेला तिपाईवर ठेवलेला लेसर. तो आपला किरण गरगर फिरवतो, साधारण सेकंदाला १० वेळा. त्यामुळे शेताच्या वर जणू प्रकाशाचं एक अदृश्य छत तयार होतं. दोन, ट्रॅक्टरच्या मागे जोडलेली माती ओढणारी बकेट आणि तिच्यावर उभा केलेला खांब. खांबाच्या टोकाला असतो ग्राहक, म्हणजे किरण टिपणारा डोळा. तीन, चालकाजवळची नियंत्रण पेटी. आणि चार, बकेट वरखाली करणारा तेलाच्या दाबावरचा झडपेचा भाग.

काम कसं चालतं? किरण ग्राहकाच्या मधोमध लागला, तर बकेट बरोबर उंचीवर आहे. किरण मध्याच्या खाली लागला, तर बकेट वर गेली आहे, तिला खाली घ्या. मध्याच्या वर लागला, तर ती खाली गेली आहे, तिला वर उचला. हे सगळं आपोआप होतं. चालकानं फक्त ट्रॅक्टर फिरवायचा. उंचवट्यावरची माती खरवडली जाते आणि खळग्यात पडते. काम नीट झालं, तर अख्खं शेत दोनएक सेंटीमीटरच्या फरकात सपाट होतं. भारतात हे तंत्र २००१ साली उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात आलं आणि तिथून पसरत गेलं.

तोतया येतो कुठून?

आता कल्पना करा. चुडाव्याच्या शिवारात असा ट्रॅक्टर चालला आहे. बांधावर कोणाची तरी जीप उभी आहे. पलीकडे आखाड्यावर नवे, चकचकीत पत्रे घातलेले आहेत. फिरणारा किरण एका फेरीत सगळीकडे जातो. तसा तो जीपच्या काचेवरही पडतो, आणि तिथून उडी मारून थेट ग्राहकावर येतो.

ग्राहकाला काय कळणार? त्याच्या दृष्टीनं किरण तो किरण. तो कुठून आला, हे कोणी सांगितलेलं नसतं. हाच आपला तोतया.

इतिहासात तुम्ही सदाशिवरावभाऊंच्या तोतयाबद्दल वाचलं असेल. १७६१ साली पानिपतावर भाऊसाहेब पडले. पुढे एक माणूस "मीच भाऊ" असं सांगत पुढे आला, आणि कित्येकांनी त्याच्यावर विश्वासही ठेवला. अखेर १७७६ साली त्याला देहान्ताची शिक्षा झाली. आता विचार करा, या तोतयाचं इतके दिवस कसं चाललं? कारण खरे भाऊसाहेब समोर नव्हते!

किरणाचंही तसंच आहे, बरं का. साध्या काचेवर किरण समोरून पडला, तर तिच्या दोन्ही बाजू मिळून जेमतेम ८ टक्के प्रकाश परत फिरवतात. बाकीचा आरपार जातो. म्हणजे खऱ्या किरणापुढे तोतया अगदीच फिका असतो. दोघं एकदम आले, तर चांगलं यंत्र जोरकस किरणाचंच ऐकतं. पण खरा किरण ग्राहकापर्यंत पोचलाच नाही, म्हणजे मध्ये झाड आलं, माणूस आला किंवा ग्राहकच छताच्या खाली गेला, तर? मग त्या फिक्या तोतयाचंच राज्य! खरा गप्प असतो, तेव्हाच खोट्याचा आवाज मोठा होतो.

किंचित कललेली काच

इथं एक गंमत आहे. काच अगदी उभी, ओळंब्यात असेल, तर तिच्यावरून परतलेला किरणही त्याच पातळीत राहतो. तो आला तरी उंचीत चूक होत नाही. उलट, मोटारीची पुढची काच खूप कललेली असते. तिच्यावर पडलेला किरण आभाळाकडे निघून जातो. त्याचीही फारशी भीती नाही.

खरा घोळ करते ती किंचित कललेली काच. नियम लक्षात ठेवा: काच जेवढी कलते, त्याच्या दुप्पट किरण कलतो. काच १ अंश कलली, तर किरण २ अंश. म्हणजे १० मीटरवर तो ३५ सेंटीमीटर वर किंवा खाली जातो. आणि काच १ अंशाच्या दहाव्या भागाएवढीच कललेली असली तरी? डोळ्यांना ती सरळ उभीच दिसेल. पण ५० मीटरवर किरण सुमारे १७ सेंटीमीटर सरकलेला असेल.

समजा, बकेट १७ सेंटीमीटर खाली गेली. खरा किरण आता ग्राहकाच्या डोक्यावरून निघून जातो. आणि नेमका तोतया येऊन ग्राहकाच्या मधोमध बसतो! यंत्र म्हणतं, "वा, सगळं ठीक आहे." बकेट वर येत नाही. वरची सुपीक माती खरवडली जाते आणि सपाट करायच्या शेतात नवाच खळगा पडतो. शेतकऱ्यानं ट्रॅक्टरचे पैसे तर तासावर मोजलेले असतात.

तोतया पकडायच्या पाच युक्त्या

पहिली युक्ती, आडोसा. ही सगळ्यांत सोपी. लेसर आणि ग्राहक यांच्या मधल्या रेषेत एक फळी आडवी धरा. ग्राहक लगेच गप्प झाला, तर तो खऱ्याचंच ऐकत होता. फळी धरूनही तो "मिळाला, मिळाला" म्हणत राहिला, तर समजा, किरण दुसरीकडून येतो आहे.

दुसरी युक्ती, जागा बदलणं. खरा किरण शेतात सगळीकडे मिळतो. काच मात्र लहान असते. तिच्यावरून उडालेला किरण एका अरुंद पट्ट्यातच सापडतो. ट्रॅक्टर चार पावलं पुढे गेला की तो नाहीसा. क्षणात आहे, क्षणात नाही असा किरण दिसला, तर शंका घ्या.

तिसरी युक्ती, वेळ. लेसर सेकंदाला १० फेऱ्या मारतो, म्हणजे दर फेरीला सेकंदाचा दहावा भाग. एका फेरीत खऱ्या किरणाचा एकच टोला पडायला हवा. मध्येच दुसरा टोला पडला, तर कोणीतरी आगंतुक आला आहे. सूर्याचा उजेड ग्राहकाला सहसा फसवत नाही, तो याच कारणानं. ऊन सारखं पडत राहतं. किरण मात्र लखकन येतो आणि जातो.

चौथी युक्ती सर्वांत मजेदार. आरशात डावं-उजवं उलटं होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. तसं फिरणंही उलटं होतं! समजा, खरा किरण ग्राहकावरून डावीकडून उजवीकडे सरकतो. काचेवरून आलेला किरण मात्र उजवीकडून डावीकडे सरकेल. ग्राहकात शेजारी शेजारी दोन प्रकाशघट बसवले आणि आधी कोणता चमकला हे पाहिलं, की झालं. पण हे फार झटपट पाहावं लागतं. ५० मीटर अंतरावर किरणाचा ठिपका सेकंदाला ३ किलोमीटरहून जास्त वेगानं पळत असतो. दोन घटांमध्ये ५ सेंटीमीटर अंतर असेल, तर ते तो सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी फक्त १६ भागांत ओलांडतो. आपल्या डोळ्यांना हे जमणार नाही, पण इलेक्ट्रॉनिक घड्याळाला सहज जमतं. एक सावधगिरी मात्र हवी. किरण दोन काचांवरून दोनदा उडाला, तर उलट्याचं पुन्हा सुलट होतं! म्हणून एकाच युक्तीवर विसंबायचं नाही.

पाचवी युक्ती, वेग. तोतयाचा रस्ता वळणाचा, म्हणून लांबचा. लेसरपासून जीप २० मीटर आणि जीपपासून ग्राहक ५० मीटर, म्हणजे एकूण ७० मीटर. जेवढं अंतर जास्त, तेवढा ठिपका जोरात सरकतो. ७० मीटरवर त्याचा वेग सेकंदाला सुमारे ४ हजार ४०० मीटर होतो. म्हणजे तोतया येतो फिका, पण पळतो खऱ्यापेक्षा जोरात. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

जाणता चालक मात्र तोतया यायच्या आधीच बंदोबस्त करतो. तो लेसरची तिपाई उंच लावतो, म्हणजे किरण गाड्यांच्या टपावरून जातो. बांधावरच्या गाड्या लांब लावायला सांगतो किंवा काचेवर पोतं टाकतो. आणि शेताच्या कडेला एक खुंटी ठोकून तिची उंची मधूनमधून तपासतो. खुंटीची उंची जुळली नाही, की ट्रॅक्टर थांबवून कारण शोधायचं.

घरी करून बघा, पण लेसरशिवाय

आता तुमचे हात शिवशिवत असतील. पण आधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. जत्रेत मिळणारा लेसर दिवा असो की कामावरचा, त्याच्याकडे कधीही थेट बघायचं नाही. आरशावरून, चकचकीत पत्र्यावरून किंवा काचेवरून आलेला त्याचा किरणही डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही. आरशावरून आलेला किरण जवळजवळ खऱ्याइतकाच जोरकस असतो. डोळ्याच्या आतल्या पडद्याला इजा झाली, तर ती कायमची राहू शकते. म्हणून आपले प्रयोग लेसरशिवाय.

प्रयोग पहिला. भिंतीला टेकवून आरसा सरळ उभा करा. त्याच्यासमोर जमिनीवर भोवरा फिरवा. वरून पाहा, भोवरा कोणत्या दिशेनं फिरतो? आता आरशातला भोवरा पाहा. तो उलट्या दिशेनं फिरताना दिसेल. हीच आपली चौथी युक्ती.

प्रयोग दुसरा. रात्री खोलीत अंधार करा. टेबलावर बॅटरी आडवी ठेवा आणि तिच्यासमोर आरसा उभा धरा. उजेडाचा ठिपका समोरच्या भिंतीवर पडेल. आता आरसा अगदी जरासा मागे कलवा. बघा, ठिपका कसा भराभर वर पळतो!

प्रयोग तिसरा. आरसा थोडा तिरका फिरवा, म्हणजे ठिपका बॅटरीच्या बाजूच्या भिंतीवर पडेल. त्या ठिपक्याजवळ मित्राला उभं करा. त्यानं तोंड फिरवायचं आणि उजेड फक्त हातावर घ्यायचा. आता तुम्ही बॅटरी आणि त्याचा हात यांच्या मधल्या सरळ रेषेत वही धरा. हातावरचा उजेड जात नाही ना? मग तो आरशाकडून येतो आहे. वही आरशासमोर धरा, उजेड लगेच जाईल. पहिली युक्ती तुम्हाला जमली!

औंढ्याजवळचा मोठा लेसर

चुडाव्याच्या उत्तरेला वसमत आणि त्याच्या पलीकडे औंढा नागनाथ. हिंगोली जिल्हा १९९९ साली वेगळा झाला, त्याआधी हा सगळा भाग परभणी जिल्ह्यातच होता. ज्योतिर्लिंगाच्या या गावाजवळ आता लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहते आहे. केंद्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले.

या वेधशाळेत दुर्बीण नसेल. असतील एकमेकांना काटकोनात जाणाऱ्या ४ किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या, आणि त्यांच्यातून जाणारा लेसर. दूरच्या अवकाशात दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, की गुरुत्वीय लहरी उठतात. त्या पृथ्वीवरून जाताना नळीतल्या आरशांमधलं अंतर अगदी कणभर बदलतं. कणभर म्हणजे किती? अणूच्या गाभ्यातल्या प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही कमी! अमेरिकेतल्या अशाच दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी ही लहर पहिल्यांदा टिपली.

इथं लेव्हलचं कामही अवघड आहे. पृथ्वी गोल आहे ना! लेसर सरळ रेषेत जातो आणि जमीन मात्र हळूहळू वाकत जाते. ४ किलोमीटरवर हा फरक सव्वा मीटरच्या आसपास होतो. शेतातल्या दोनशे-तीनशे मीटरना हे जाणवत नाही, इथं मात्र हिशेबात धरावं लागतं.

आणि तोतया? तो इथंही हजर! थोडासा प्रकाश इकडेतिकडे विखुरतो, नळीच्या भिंतीवर आपटतो आणि परत मुख्य किरणात येऊन मिसळतो. नळीची भिंत जमिनीबरोबर थरथरत असते. ती थरथर तो सोबत घेऊन येतो आणि शास्त्रज्ञांना फसवू पाहतो. म्हणून अमेरिकेतल्या वेधशाळांच्या नळ्यांत जागोजागी करवतीसारख्या दातेरी कडांचे आडोसे बसवले आहेत. भरकटलेला किरण तिथंच अडतो. शिवाय तिथल्या दोन वेधशाळा एकमेकींपासून सुमारे ३ हजार किलोमीटर दूर आहेत. एकीला दिसलं आणि दुसरीला दिसलं नाही, तर शंका घ्यायची. आपली वेधशाळा सुरू झाली, की या तपासणीत आणखी एक साक्षीदार मिळेल.

बघा, बांधावरची फळी आणि वेधशाळेतला आडोसा यांचं काम एकच. आलेला किरण किती लख्ख आहे, एवढ्यावर भुलायचं नाही. "तू आलास कुठून?" हे त्याला विचारायचं. उत्तर मिळेपर्यंत बकेट खाली टाकायची नाही.

मग भोवरा आणि आरसा काढताय ना? भोवरा उलटा फिरताना दिसला, की घरात सगळ्यांना बोलावून दाखवा. आणि तुमच्या शिवारात लेसर लेव्हलर आला, तर लांबून जरूर पाहा. बांधावर एखादी गाडी उभी असेल, तर चालककाकांना विचारा, "काका, त्या काचेवर पोतं टाकलंत का?"